पीएमएस ५००३: हवेतील धूलिकण मोजणारा स्वस्त सेन्सर, आणि नियमांत त्याला मिळायला हवी ती जागा

प्लँटॉवर या चिनी कंपनीचा पीएमएस ५००३ हा हवेतील सूक्ष्म धूलिकण मोजणारा सेन्सर ऑनलाइन साधारण दीड-दोन हजार रुपयांना मिळतो, आणि त्याच्या जोडीला लागणारे वाय-फाय बोर्ड, आर्द्रतामापक, वायर आणि चार्जर हे सामान पुण्यातल्या तापकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर एका फेरीत गोळा होते. एवढ्या खर्चात घराच्या खिडकीबाहेरची हवा दिवसरात्र मोजता येणे ही माझ्या मते गेल्या काही वर्षांत हौशी इलेक्ट्रॉनिक्सने सामान्य माणसाला दिलेली सर्वांत मोलाची गोष्ट आहे. हा सेन्सर मी बराच काळ घरात आणि घराबाहेर वापरत आलो आहे. तो काय नीट सांगतो, काय सांगू शकत नाही, आणि त्याने सांगितलेले ऐकून घेण्याची आपल्या प्रदूषणविषयक नियमांची कितपत तयारी आहे, या तिन्ही गोष्टींचा विचार एकत्र केल्याशिवाय त्याचे परीक्षण पुरे होणार नाही, असे मला वाटते.

आधी त्याचे काम कसे चालते ते पाहू. ५० मिलिमीटर लांब, ३८ रुंद आणि २१ जाड अशा धातूच्या डबीत एक छोटा पंखा, एक लेझर डायोड आणि त्याच्या काटकोनात बसवलेला प्रकाशसंवेदी डायोड असतो. पंखा बाहेरची हवा आत खेचतो, ती लेझरच्या झोतातून जाते, आणि हवेतला प्रत्येक कण थोडा प्रकाश विखुरतो. बंद खोलीत कवडसा आला की एरवी न दिसणारी धूळ तरंगताना दिसते, तेच तत्त्व येथे नेमक्या मोजमापासाठी वापरलेले आहे. विखुरलेल्या प्रकाशाच्या ठोक्यांवरून आतला मायक्रोप्रोसेसर कणांची संख्या आणि आकार यांचा अंदाज बांधतो. त्यामागचे गणित गुस्ताव मी या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाने १९०८ साली मांडलेल्या प्रकाश-विकिरणाच्या सिद्धांतावर आधारलेले आहे. यातला कळीचा मुद्दा असा, की हा सेन्सर कणांचे वजन करीत नाही. तो प्रकाश मोजतो आणि कणांची घनता व आकार यांविषयी कारखान्यात गृहीत धरलेल्या गोष्टींवरून वजन काढतो. पुढच्या सगळ्या गुणदोषांचे मूळ येथे आहे.

जोडणी सोपी आहे, पण दोन-तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पंख्यासाठी ५ व्होल्ट लागतात, मात्र माहिती पाठवणारी पिन ३.३ व्होल्टवर चालते, त्यामुळे ईएसपी ८२६६ किंवा ईएसपी ३२ या वाय-फाय बोर्डाला ती थेट जोडता येते आणि मध्ये कोणतेही सर्किट लागत नाही. कनेक्टर १.२५ मिलिमीटर अंतराच्या आठ पिनांचा असल्यामुळे नेहमीच्या जंपर वायर त्याला बसत नाहीत, म्हणून सेन्सर घेतानाच सोबत केबल किंवा अडॅप्टर मिळते आहे ना, हे पाहून घ्यावे. धातूचे कवच आतून ग्राउंडला जोडलेले असते, तेव्हा ते सर्किटच्या दुसऱ्या कोणत्याही भागाला टेकता कामा नये. एवढे झाले की सेन्सर ९६०० बॉडच्या वेगाने, साधारण दर सेकंदाला, ३२ बाइटचा एक संच पाठवू लागतो. प्रत्येक संचाची सुरुवात षोडशमान पद्धतीतील ४२ आणि ४डी या दोन बाइटनी होते आणि शेवटच्या दोन बाइटमध्ये आधीच्या तीस बाइटची बेरीज असते. ती बेरीज पडताळून न जुळणारा संच टाकून द्यावा. लांब वायर वापरल्यास किंवा चार्जर हलक्या प्रतीचा असल्यास असे बिघडलेले संच येतात, आणि ते न गाळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये मध्यरात्री अचानक हजारांचे आकडे उमटलेले मी पाहिले आहेत.

या संचात पीएम १, पीएम २.५ आणि पीएम १० यांचे, म्हणजे अनुक्रमे १, २.५ आणि १० मायक्रोमीटरपर्यंतच्या कणांच्या प्रतिघनमीटर वजनाचे, आकडे दोनदा येतात: एकदा कारखान्यातील प्रमाणित कणांसाठीचे आणि एकदा वातावरणासाठी जुळवलेले. हवा स्वच्छ असताना दोन्ही सारखेच असतात, पण प्रदूषण वाढत गेले की पहिला आकडा दुसऱ्याच्या सुमारे दीडपट होतो. एकाच इमारतीतल्या दोन हौशी मंडळींचे आकडे जुळत नाहीत तेव्हा बहुतेक वेळा कारण एवढेच असते, की दोघांचे प्रोग्रॅम वेगवेगळा रकाना वाचत असतात. आपण कोणता रकाना वाचतो आहोत, ही नोंद प्रत्येक आलेखाबरोबर ठेवायलाच हवी.

आता प्रत्यक्ष अनुभवाकडे वळतो. घरातली हवा समजून घेण्यासाठी या सेन्सरला तोड नाही, असे मी निःशंकपणे म्हणेन. खिडक्या बंद ठेवून देवघरात दोन उदबत्त्या लावल्या, तर शेजारच्या खोलीतला आकडासुद्धा काही मिनिटांत तीन अंकी होतो आणि उदबत्ती विझल्यावरही बराच वेळ खाली येत नाही. मोहरी-हिंगाच्या फोडणीचा, तेल तापून धुरावल्याचा, पोळी तव्यावर करपल्याचा असा प्रत्येक प्रसंग आलेखावर वेगळा ओळखू येतो. स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट पंखा गॅस पेटवण्याआधी लावला तर उंचवटा केवढा बुटका राहतो आणि फोडणी झाल्यावर लावला तर केवढा वाढतो, हे आमच्या घरात सर्वांनी पडद्यावर पाहिले, आणि तेव्हापासून पंखा आधी लावण्याची सवय कोणी न सांगता लागली. डासांच्या कॉइलचा आलेख पाहिल्यावर तर ती वस्तू घरात पुन्हा आली नाही. या सगळ्यात आकडा अगदी अचूक असण्याची गरज नसते, कारण तुलना त्याच सेन्सरच्या आधीच्या आकड्याशी होत असते, आणि अशा तुलनेत हा सेन्सर अतिशय विश्वासू आहे.

घराबाहेर चित्र जास्त गुंतागुंतीचे होते, आणि त्याचे मुख्य कारण आर्द्रता. हवेतील सल्फेट आणि नायट्रेटचे कण दमट हवेत पाणी शोषून फुगतात, फुगलेला कण जास्त प्रकाश विखुरतो, आणि सेन्सर ते पाणीही धुळीच्या हिशेबात धरतो. प्रमाणित उपकरणांत हवा मोजण्यापूर्वी गरम करून किंवा कोरडी करून घेतात, येथे तशी काही सोय नाही. त्यामुळे डिसेंबरात मुळा-मुठेच्या काठी पहाटे धुके उतरते तेव्हा सेन्सरचा आकडा वस्तुस्थितीहून बराच फुगतो, आणि कोकणात तर पावसाळाभर हा प्रश्न रोजचाच असतो. यावर उपाय आहे. अमेरिकेत पर्पलएअर नावाची जी घरगुती केंद्रे हजारोंनी बसवलेली आहेत, त्यांत हाच सेन्सर वापरलेला आहे, आणि तेथील पर्यावरण संरक्षण संस्थेने २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यासाठी एक दुरुस्तीचे सूत्र दिले: सेन्सरच्या पहिल्या रकान्यातील आकड्याला ०.५२४ ने गुणावे, सापेक्ष आर्द्रतेच्या टक्क्यांना ०.०८६२ ने गुणून ते वजा करावे आणि ५.७५ मिळवावेत. म्हणजे मूळ आकडा जवळजवळ निम्म्यावर येतो. हे सूत्र तेथील हवेसाठी बांधलेले आहे. आपल्याकडची रस्त्याची धूळ, कचरा जाळल्याचा धूर, डिझेलची काजळी आणि शेतातला जाळ यांचे मिश्रण निराळे असल्यामुळे ते येथे जसेच्या तसे लावणे शास्त्राला धरून होणार नाही. मी माझा सेन्सर सरकारी केंद्राच्या जवळ राहणाऱ्या एका स्नेह्यांकडे काही काळ ठेवून स्वतःचे गुणक काढले, आणि ज्यांना हे शक्य आहे त्यांनी तेच करावे, असा माझा आग्रह आहे.

आर्द्रतेची दुरुस्ती करायची तर आर्द्रतामापक हवा, आणि येथे बाजारातल्या एका फसवणुकीविषयी सावध करणे आवश्यक आहे. बीएमई २८० हा बॉशचा सेन्सर तापमान, दाब आणि आर्द्रता अशा तिन्ही गोष्टी मोजतो. त्याचा स्वस्त भाऊ बीएमपी २८० दिसायला जवळपास तसाच असतो, पण तो आर्द्रता मोजत नाही. एका विक्रेत्याने मला पहिल्याच्या नावाने आणि पहिल्याच्या किमतीत दुसरा पाठवला होता, आणि छापील पट्टीवर दोन्ही नावे होती, त्यामुळे नुसते पाहून कळण्याची सोय नव्हती. खात्रीचा मार्ग म्हणजे चिपचा ओळख क्रमांक वाचणे: चिपच्या डी० या पत्त्यावर षोडशमान पद्धतीत ६० आले तर तो बीएमई आणि ५८ आले तर बीएमपी. बोर्ड हातात पडताच हे तपासावे, म्हणजे परत करण्याची मुदत हातची जात नाही.

सेन्सरचा खरा दोष मात्र पीएम १० मध्ये आहे. कंपनीच्या माहितीपत्रकानुसार ०.३ मायक्रोमीटरचे निम्मे कण आणि ०.५ मायक्रोमीटरहून मोठे ९८ टक्के कण तो टिपतो. वाचताना हे उत्तम वाटते, पण मोठे, जड कण या लहानशा पंख्याच्या ओढीने वळणावळणाच्या वाटेतून लेझरपर्यंत पुरेसे पोहोचतच नाहीत, आणि पीएम १० चा आकडा प्रामुख्याने बारीक कणांवरून अंदाजाने काढला जातो. परिणाम असा, की सिमेंटचा मिक्सर, राडारोडा वाहणारा डंपर, खडी पसरलेला उघडा रस्ता, म्हणजेच आपल्या शहरांतला जो सर्वांत उघड त्रास आहे, तो हा सेन्सर कमी लेखतो. दुसऱ्या टोकाला, डिझेलच्या धुराड्यातून नुकतेच बाहेर पडलेले अतिसूक्ष्म काजळीचे कण प्रकाशाच्या तरंगलांबीहून पुष्कळ लहान असल्यामुळे त्याला दिसतच नाहीत. म्हणून पीएम २.५ साठी तो घ्यावा, आणि त्याच्या पीएम १० च्या रकान्यावर कोणताही दावा उभा करू नये, हे मी स्पष्टपणे लिहून ठेवतो.

बाहेर बसवण्यासाठी महागडा डबा लागत नाही. प्लंबिंगच्या दुकानात मिळणारे पीव्हीसी पाइपचे दोन एल्बो एकमेकांत बसवून तोंड खाली ठेवले, आणि तोंडाशी बारीक जाळी लावली, की पाऊस, मुंग्या आणि कोळी यांपासून पुरेसे संरक्षण मिळते. ही युक्ती जर्मनीतल्या श्टुटगार्ट शहरात २०१५ साली सुरू झालेल्या नागरिकांच्या हवामापन प्रकल्पातून जगभर पसरली. सेन्सर कम्युनिटी या नावाने आज चालणारा तो प्रकल्प नोव्हा कंपनीच्या एसडीएस ०११ या सेन्सरवर उभा राहिला, पण त्याच्या प्रोग्रॅममध्ये पीएमएस ५००३ ची सोयही आहे. सेन्सरची हवा आत घेण्याची आणि बाहेर सोडण्याची छिद्रे यांच्यामध्ये आडोसा मात्र हवाच, नाहीतर तो स्वतःनेच सोडलेली हवा पुन्हा मोजत बसतो.

येथपर्यंत विज्ञान आणि हातकाम झाले. आता नियमांकडे वळतो, कारण माझी खरी तळमळ तेथे आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने १८ नोव्हेंबर २००९ रोजी अधिसूचित केलेल्या मानकांनुसार पीएम २.५ ची मर्यादा चोवीस तासांच्या सरासरीसाठी प्रतिघनमीटर ६० मायक्रोग्रॅम आणि वर्षाच्या सरासरीसाठी ४० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचवलेले आकडे अनुक्रमे १५ आणि ५ आहेत. आपल्या मानकांचा फेरविचार व्हायला हवा, याविषयी माझ्या मनात शंका नाही. परंतु सेन्सर वापरणाऱ्यांनीही एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे: मर्यादा चोवीस तासांच्या सरासरीची आहे, आणि वर्षातले दोन टक्के दिवस ती ओलांडली जाण्याची मुभाही, सलग दोन दिवस नसल्यास, त्याच अधिसूचनेत आहे. संध्याकाळी सातच्या एका मिनिटाचा आकडा टिपून मर्यादा मोडली असे जाहीर करणे चुकीचे ठरते, आणि त्यामुळे नागरिकांच्या सगळ्याच मोजमापाकडे अधिकारी दुर्लक्ष करू लागतात. प्रोग्रॅममध्ये चोवीस तासांची सरकती सरासरी काढणे फारसे अवघड नाही, आणि मी तरी दुसऱ्या कोणासमोर आकडा ठेवताना तोच ठेवतो.

दुसऱ्या बाजूने पाहिले तर, सरकारी केंद्रे अचूक असली तरी विरळ आहेत. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने उभारलेली ‘सफर’ यंत्रणा असो किंवा महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची स्वयंचलित केंद्रे असोत, त्यांतील उपकरणे फिल्टरवर साचलेल्या धुळीतून बीटा किरण किती अडतात यावरून वस्तुमान काढतात, त्यांची निगा नियमित लागते, आणि एकेक केंद्र इतके महाग असते की ते गल्लोगल्ली बसणे शक्य नाही. त्यामुळे आपल्या सोसायटीमागच्या रेडिमिक्स काँक्रीट प्रकल्पाचा किंवा रात्री पेटणाऱ्या कचऱ्याच्या ढिगाचा धूर त्या केंद्राला दिसतच नाही. नेमकी ही पोकळी स्वस्त सेन्सर भरू शकतात. नियामकांनाही हे अमान्य नाही. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने आयआयटी कानपूरच्या साह्याने मुंबईत स्वस्त सेन्सर आपल्या केंद्रांशेजारी ठेवून तपासले आहेत, आणि मुंबई महापालिकेने २५ ऑक्टोबर २०२३ रोजी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांमध्ये बांधकामाभोवती उंच पत्रे, हिरवे कापड आणि पाण्याची फवारणी यांबरोबरच प्रत्येक जागेवर सेन्सरवर आधारित प्रदूषणमापक बसवणे सक्तीचे केले.

मला खटकते ते असे, की बिल्डरने बसवलेला सेन्सर नियमात बसतो, पण कुंपणापलीकडे राहणाऱ्या कुटुंबाने बसवलेल्या तशाच सेन्सरला कोणतेच स्थान नाही. दोन्ही उपकरणांचे भौतिकशास्त्र एकच आहे. उलट ज्याच्यावर देखरेख करायची त्याच्याच ताब्यात मापक देणे हे कोणत्याही मापनशास्त्राच्या तत्त्वात बसत नाही. १९८१ च्या हवा (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियमाच्या कलम ४३ नुसार कोणीही नागरिक मंडळाला साठ दिवसांची नोटीस देऊन न्यायालयात तक्रार दाखल करू शकतो, आणि त्यासाठी मंडळाजवळचे संबंधित अहवालही मागू शकतो. मात्र त्याच कायद्याच्या कलम २६ नुसार धुराड्यातून घेतलेल्या नमुन्याचे विश्लेषण पुरावा म्हणून चालायचे असेल, तर तो मंडळाच्या अधिकाऱ्याने ठरलेल्या पद्धतीनेच घेतलेला असावा लागतो. ही अट योग्यच आहे, आणि दोन हजारांच्या सेन्सरवर कोणाला शिक्षा व्हावी असे मी कधीही म्हणणार नाही. माझी मागणी त्याच्या आधीच्या पायरीविषयी आहे: ठरावीक अटी पाळून नोंदलेले नागरिकांचे आकडे हे पाहणी सुरू करण्यास पुरेसे कारण मानावेत. अटीही सांगता येतील. सेन्सर दोन असावेत आणि त्यांचे आकडे एकमेकांशी जुळावेत, ते वर्षातून एकदा सरकारी केंद्राशेजारी ठेवून तपासलेले असावेत, आर्द्रतेची नोंद सोबत असावी, आणि मूळ माहिती कोणालाही पाहता येईल अशी खुली असावी. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेकडे २०१९ पासून हवा मोजणाऱ्या उपकरणांच्या प्रमाणीकरणाची जबाबदारी आहे. उत्पादकांबरोबरच नागरिकांच्या गटांनाही परवडेल अशी तपासणीची सोय महाराष्ट्रात एखाद-दोन ठिकाणी झाली, तर या अटी पाळणे सहज शक्य होईल.

नियमन नेहमी आडवेच येते, असेही नाही. या सेन्सरची माहिती वाय-फायवरून पाठवता येते, कारण २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा आपल्या देशात २००५ पासून कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त केलेला आहे. नियम मोकळा केला, त्याला शक्तीची स्पष्ट मर्यादा घातली, आणि त्यातून लाखो उपकरणे उभी राहिली. हवेच्या मोजमापातही हेच घडू शकते.

आता खरेदीविषयी उरलेले सांगतो. कंपनी या सेन्सरचे सरासरी आयुष्य तीन वर्षांच्या पुढे सांगते, पण भर रस्त्यालगत तो अखंड चालू ठेवला तर पंख्यात आणि लेझरच्या कक्षेत धूळ बसून आकडे त्याआधीच सरकू लागतात. तिसऱ्या पिनला शून्य व्होल्ट दिले की तो झोपतो. दर काही मिनिटांनी त्याला उठवून, पंखा स्थिर होण्यासाठी किमान तीस सेकंद जाऊ देऊन, मग आकडे घेतले तर आयुष्य पुष्कळ वाढते. ज्यांना जास्त खर्च परवडतो त्यांनी सेन्सिरियन कंपनीचा एसपीएस ३० पाहावा. त्याची किंमत बरीच जास्त आहे, पण तो स्वतःचा पंखा ठरावीक काळाने वेगात फिरवून साफ करतो आणि दहा वर्षांच्या आयुष्याचा दावा करतो. शाळेच्या प्रयोगशाळेसाठी, घरातला स्वयंपाकाचा धूर समजून घेण्यासाठी किंवा दम्याचा रुग्ण असलेल्या घरात खिडकी केव्हा उघडावी हे ठरवण्यासाठी मात्र पीएमएस ५००३ पुरेसा आहे, आणि घेताना एकाऐवजी दोन घ्यावेत. दोन्ही एका डब्यात शेजारी शेजारी लावून त्यांच्यातला फरक नोंदवत राहिले, तर एखादा सेन्सर थकत चालला आहे हे वेळेवर कळते. कंपनी १०० मायक्रोग्रॅमपर्यंत दोन सेन्सरमध्ये दहा मायक्रोग्रॅमचा आणि त्यापुढे पाचशेपर्यंत दहा टक्क्यांचा फरक मान्य करते. फरक त्याहून जास्त होऊन टिकून राहिला, की त्यांपैकी जो जुना असेल तो बदलावा.